मिलिटरीची मोकळी जागा: वापरायला घ्यावी की कायमची?

देवळालीत तोफखाना, गांधीनगरला लष्कराचं हेलिकॉप्टर प्रशिक्षण, ओझरला हवाई दलाचा डेपो. नाशिकच्या कुठल्याही सरकारी खात्याला जागा कमी पडली की नजर या कुंपणांपलीकडे जाणारच. मात्र तिथली जागा परवान्यावर वापरणं आणि ती कायमची ताब्यात घेणं, हे दोन अगदी निराळे व्यवहार आहेत. अर्ज करण्याआधीच काय ते ठरवा.

परवान्यावर काम लवकर होतं. रस्ता, पाणी, पहारा तयारच असतो. अडचण एकच, पण मोठी: मालकाचं काम आधी. पुण्याचं लोहगाव बघा. धावपट्टी हवाई दलाची. तिच्या दुरुस्तीसाठी 16 ते 29 ऑक्टोबर 2021 या काळात प्रवासी विमानं पूर्ण बंद होती. ओझरची धावपट्टीही हिंदुस्थान एरोनॉटिक्सची. राज्य सरकारने तिथे प्रवासी टर्मिनल बांधलं. ते चालतं, कारण प्रवाशाला विमान कारखान्याच्या गेटमधून जावं लागत नाही. मागायचंच असेल तर आधी स्वतंत्र गेट मागा.

कायमची जागा मिळवायची तर मूल्यांकन, स्थानिक लष्करी अधिकाऱ्यांची संमती, मग संरक्षण मंत्रालय. फाइल दिल्लीला जाऊन परत येईपर्यंत इथले आयुक्त बदललेले असतात. 2021 पासून जमिनीच्या बदल्यात तेवढ्याच किमतीची बांधकामं करून देण्याची सोय झाली, म्हणजे सगळं रोखीतच द्यावं लागतं असं नाही. रस्ता रुंद करायचा असेल किंवा उड्डाणपूल बांधायचा असेल, तर हाच मार्ग. उड्डाणपूल काही तीन वर्षांच्या परवान्यावर उभा राहत नाही.

बाकीच्या कामांसाठी माझी कसोटी साधी आहे: तुमच्याकडे रोज कोण येणार? जुनी दप्तरं, आपत्ती व्यवस्थापनाच्या बोटी आणि पंप, हे खुशाल आत ठेवा. दवाखाना किंवा आरटीओ मात्र नको. सीमेवर तणाव वाढला की गेटवरची तपासणी कडक होते आणि गर्भार बाई ओळखपत्र हातात धरून उन्हात उभी राहते. मतदान यंत्रांसाठी पहाऱ्यातली जागा उत्तम, असं वाटेल. पण गोदाम उघडताना पक्षांचे प्रतिनिधी हजर लागतात. त्यांना आत कोण सोडणार, यावरून पहिल्याच दिवशी वाद होईल.

2027 च्या सिंहस्थासाठी वाहनतळ हवा असेल तर परवानाच बरा, कारण गरज ठरावीक काळापुरती आहे. फक्त तोफांच्या सराव क्षेत्राचा पट्टा मागू नका. नकाशावर तो कितीही मोकळा दिसो, तिथे न फुटलेले गोळे असू शकतात.

आणि सही करण्याआधी जागा खाली करण्याच्या नोटिशीचं कलम वाचा. मुदत महिन्याभराची असेल तर आत पक्कं बांधकाम करू नका, उचलून नेता येईल असंच सामान ठेवा.