पॅरिसची पेस्ट्रीची दुकानं, पायी पायी फिरून

माझं माहेर बेळगावच्या शहापूरचं, घरची बेकरी. पहाटे भट्टीचा वास आला की जाग यायची आणि ट्रेमधनं मोडलेली खारी आम्हा पोरांच्या वाट्याला यायची, चहात बुडवून. त्यामुळं लेक शिकायला पॅरिसला गेली आणि मी तिच्याकडं महिनाभर राहून आले तेव्हा आयफेल टॉवर एका संध्याकाळी बघून घेतला आणि बाकीचे दिवस पेस्ट्रीची दुकानं पालथी घातली, सगळी चालत. आल्यापासून बेळगावात जो भेटतो तो विचारतोय काय काय खाल्लंस, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

चालतच का, तर एक म्हणजे पोटात जागा होते. दुसरं म्हणजे वासावरनं दुकान सापडतं, ते मेट्रोत बसून कसं सापडणार.

सुरुवात स्तोरेरपासनं करा. माँतोर्गेय नावाची गल्ली आहे, आपल्या गणपत गल्लीसारखी, दोन्ही बाजूला दुकानं, भाजी, मासे, चीज, आणि मधे माणसं चालतायत. हे दुकान 1730 चं. म्हणजे ज्या साली पुण्यात शनिवारवाड्याचा पाया घातला त्याच साली ह्यांनी इथं भट्टी पेटवली आणि अजून पेटतीच आहे, हे ऐकून मी दारातच दोन मिनिटं थांबले बघा. निकोला स्तोरेर हा पोलंडच्या राजाच्या पदरी असलेला आचारी, राजाच्या मुलीचं 1725 ला फ्रान्सच्या पंधराव्या लुईशी लग्न झालं तेव्हा तिच्याबरोबर तो इकडं आला. लेकीबरोबर माहेरचा आचारी पाठवायचा, ही रीत मला एकदम आपली वाटली. तिथला बाबा खा, हो, पदार्थाचं नावच बाबा. फुगवलेल्या पिठाचा मऊ केक पाकात मुरवलेला, पाकात रम असते, त्यामुळं ज्यांना चालत नाही त्यांनी आधीच विचारून घ्या. चमच्यानं दाबला की गुलाबजामासारखा पाक वर येतो पण आतली जाळी मोडत नाही, आणि खरी करामत त्या जाळीत आहे, पीठ नीट फुगलं नसेल तर पाक मधोमध पोचतच नाही.

आता क्रोसाँ. ह्याबद्दल मी जरा जास्तच लिहिणार आहे कारण खारीवाल्या घरातली आहे.

खारी, चिरोटे आणि क्रोसाँ ही तिन्ही एकाच घराण्यातली. आपण चिरोट्याला पोळ्यांच्या मधे तूप आणि तांदळाच्या पिठाचा साटा लावतो, ते यीस्टच्या पिठात लोण्याची अख्खी लादी गुंडाळतात, लाटतात, तिहेरी घडी घालतात, गार करतात, परत लाटतात. तीन वेळा तिहेरी घडी घातली की लोण्याचे 27 थर होतात. भट्टीत लोण्यातल्या पाण्याची वाफ होते आणि ती एकेक थर उचलते. खारीही अशीच फुलते, फक्त आपल्याकडं लोण्याच्या जागी बेकरीचं मार्जरीन, म्हणजे तेलापासनं केलेलं लोण्यासारखं घट्ट तूप असतं आणि यीस्ट नसतं.

पहिला चांगला क्रोसाँ मी सेंट मार्टिन कालव्याजवळच्या दु पाँ ए देझिदे ह्या दुकानातनं घेतला. (शनिवार रविवार बंद असतं, तेवढं लक्षात ठेवा.) कालव्याच्या काठावर बसून मधोमध मोडला. बाहेरची कड चुरचुर करत माझ्या साडीवर सांडली, आणि आतलं पीठ मात्र तुटेना, ते लांबत गेलं, मधाच्या पोळ्यासारखी घरं घरं, आणि वास आला तो सरळ लोणी कढवताना बेरी जरा लालसर व्हायला लागते ना, त्या क्षणाचा. मी लेकीला म्हटलं, "अगं हा तर आईच्या तुपाचा वास." ती म्हणाली, "आई, आता रडू नको, लोक बघायलेत." तिथंच एक गोगलगाईच्या आकाराची गुंडाळी मिळते, पिस्ता आणि चॉकलेटची, ती पण घ्याच.

दुकान ओळखायची एक खूण लेकीनं सांगितली. सरळ क्रोसाँ असेल तर बहुतेक पूर्ण लोण्याचा, चंद्रकोरीसारखा वाकडा असेल तर मार्जरीनचा असू शकतो. आणि पाटीवर बुलांजरी, म्हणजे पावाची बेकरी, असं लिहायचं तर पाव त्याच जागी मळून भाजलेला पाहिजे असा तिकडं 1998 पासनं कायदा आहे. पण तो कायदा पावाला, पेस्ट्रीला नाही, त्यामुळं कारखान्यातला गोठवलेला माल आणून नुसता भाजून विकणारे पण आहेत. एका मोठ्या चर्चच्या समोरच्या दुकानात आम्ही असेच फसलो, नाव नाही घेत, क्रोसाँ दिसायला एकदम चकाचक पण खाल्ला तर कालच्या बनपावासारखा मऊ आणि वास कशाचाच नाही, वर पैसे दुप्पट. प्रेक्षणीय स्थळाच्या तोंडावरचं दुकान टाळा, दोन गल्ल्या आत जा, सकाळी शाळेला जाणारी पोरं आणि म्हातारी माणसं जिथं रांगेत दिसतील तिथं उभे रहा.

अँजेलिना हे दुकान 1903 चं, रिव्होली रस्त्यावर, समोर मोठी बाग. इथं मों ब्लां खायचा, खाली मेरिंग, म्हणजे अंड्याचं पांढरं साखरेत फेटून भाजलेलं, त्यावर साय फेटलेली आणि वर चेस्टनट नावाच्या फळाच्या गोड वाटणाच्या शेवया पाडलेल्या. मला जरा गोड जास्त झालं, दोघीत एक बास. पण त्यांचं गरम चॉकलेट म्हणजे बासुंदीएवढं दाट, सोबत सायीची वाटी, थंडीच्या दिवसात ह्यासाठी परत जाईन. तिथनं दहा मिनिटं चाललं की लादुरे, 1862 चं, मॅकरॉनसाठी सगळं जग जातं. मॅकरॉन बदामाचा, वर पातळ कवच, आत चिवट मऊ. छान आहे, पण मनापासनं सांगते, मला क्रोसाँपुढं तो फिका वाटला.

नदी ओलांडून पलीकडं गेलात तर पियेर एर्मेच्या दुकानात इस्पहान नावाची पेस्ट्री मागा, गुलाब लिची आणि रासबेरीची. गुलाब म्हटल्यावर मला सरबत आठवलं होतं, पण तो वास अगदी शेवटी, घास गिळल्यावर येतो.

पारी-ब्रेस्त कुठल्याही चांगल्या दुकानात मिळतो. सायकलच्या चाकासारखा गोल, कारण पॅरिस ते ब्रेस्त आणि परत अशी सायकलची शर्यत 1891 ला सुरू झाली, तिच्या नावानं 1910 साली लुई द्युराँ नावाच्या माणसानं हा केला. आत प्रालिनचं क्रीम, म्हणजे हेझलनट बदामाची चिक्की करून वाटायची आणि लोण्यात फेटायची. माझ्या यादीत हा दुसऱ्या नंबरावर.

थोडं कामाचं. दुकानात शिरल्या शिरल्या "बोंजूर" म्हणा, न म्हणता नुसतं बोट दाखवलं तर त्यांना ते उद्धट वाटतं. अंडं जवळपास सगळ्यात असतं, आणि मूसच्या, म्हणजे फेसासारख्या हलक्या क्रीमच्या केकमधे घट्टपणासाठी जिलेटिन असतं ते बऱ्याचदा डुकराचं, त्यामुळं शाकाहारी लोकांनी आणि ज्यांना ते वर्ज्य आहे त्यांनी विचारल्याशिवाय घेऊ नका. क्रोसाँ दीड दोन युरोपर्यंत, मोठ्या नावाची पेस्ट्री आठ दहा युरो. आणि दुपारनंतर क्रोसाँ घेऊ नका हो, सकाळचा तो सकाळचाच.

शेवटचं दुकान प्वालान, 1932 चं, शेर्श-मिदी रस्त्यावर, आंबवणाच्या मोठ्या गोल पावासाठी नाव आहे. तिथं छोटी लोण्याची बिस्किटं मिळतात, नाव प्युनिसियाँ, म्हणजे शिक्षा! ती टिकतात, म्हणून एक पुडा बेळगावला आणला. जाताना मी अर्धा किलो कुंदा नेलेला, लेकीच्या घरमालकीणबाईंनी तो पावाला लावून खाल्ला आणि डबा धुऊन परत दिला.

बिस्किट दादाच्या हातात दिलं. त्यानं आधी मोडलं, मग वास घेतला, मग खाल्लं. "निव्वळ लोणी हाय गं ह्यात," म्हणाला आणि पुडा मागून घेतला. दुसऱ्या दिवशी लोण्याची खारी करून बघायला बसला. पण एप्रिल महिना, भट्टीची खोली, लोणी बत्तीस पस्तीस डिग्रीला वितळतं, लाटता लाटताच कडेनं बाहेर यायला लागलं आणि थर एकमेकात मिसळून गेले. ट्रे बाहेर आला तर खारी बसकी, पण वास असा की शेजारच्या काकू विचारायला आल्या आज काय केलंयत ओ म्हणून. मार्जरीन का वापरतात ते त्या दिवशी नीट कळलं, नुसता पैशाचा प्रश्न नाही तो, उन्हाळ्याचा पण आहे.

दादा म्हणतोय डिसेंबरात थंडी पडली की पहाटे तीनला उठून, फरशी गार असताना परत लाटायचं. मी येणार आहे लाटायला.