खरेदी २८६, जमा शून्य

परवा शेंगाचटणीचा व्यवसाय करणाऱ्या आमच्या ओळखीच्या ताईंनी मला मोबाइलवर एक पीडीएफ दाखवली. हिरवे बाण, चढते आलेख आणि खाली ठळक अक्षरांत 'कन्व्हर्जन', म्हणजे जाहिरातीवरून आलेल्यांपैकी किती जणांनी खरेदी केली तो आकडा. जाहिरात बघणाऱ्या एजन्सीला त्या तीन महिने पैसे भरताहेत. ती पीडीएफ बघितली आणि माझ्या पोटात गोळा आला, कारण अगदी तशीच पीडीएफ २०२३ साली दर महिन्याच्या १ तारखेला माझ्याकडे यायची. म्हणून हे सगळं लिहून काढतेय.

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचे सहा लूम आहेत. टेरी टॉवेल, नॅपकिन आणि थोड्या चादरी. माल व्यापाऱ्यांना द्यायचा आणि पैशांची तीन-तीन महिने वाट बघायची, असं वर्षानुवर्षं चाललेलं. म्हणून थेट गिऱ्हाइकाला विकू या, असं ठरवून आम्ही वेबसाइट काढली. पुण्यात शिकणाऱ्या माझ्या पुतणीनं ती सुट्टीत बनवून दिली. जूनमध्ये एका जाहिरात एजन्सीचा मुलगा कारखान्यावर आला. बोलायला गोड, आमच्या ह्यांना 'काका' म्हणायचा. १ जुलैपासून गूगलचं जुनं ॲनालिटिक्स (साइटवर कोण येतं, काय करतं ते मोजणारं साधन) आकडे घेणं बंद करणार, त्याची नवीन आवृत्ती 'जीए फोर' तुम्हाला समजणार नाही, ते आमच्यावर सोडा, असं म्हणाला. जुनं बंद होणार हे खरंच होतं. त्यामुळे पुढचंही सगळं खरंच असणार, असं आम्ही धरून चाललो.

महिना २५,००० ठरले. त्यातले ७,००० त्यांची फी आणि १८,००० गूगलच्या जाहिरातीला. कुणी 'सोलापुरी चादर' शोधलं की आपलं नाव वर दिसणार, हा त्यांचा शब्द. चार महिन्यांत एक लाख गेले. ऑक्टोबरच्या पीडीएफमध्ये कन्व्हर्जन २८६. वेबसाइटवरून त्या महिन्यात मी पार्सलं बांधली ११. विचारलं तर उत्तर तयार होतं, "मॅडम, लोक साइट बघतात आणि व्हॉट्सॲपवर मागवतात. तुमच्या फोनवर येतं तेही आमचंच." व्हॉट्सॲपवर ऑर्डरी येत होत्या, हे खरं. पण ती माणसं जुनी, नावानिशी ओळखीची. हे मला तेव्हाच खटकलं होतं. तरी मी गप्प राहिले, याचं वाईट अजून वाटतं.

दिवाळीला पुतणी आली. दुपारी पॅकिंगच्या टेबलावर चादरीचे गठ्ठे सरकवून तिनं लॅपटॉप उघडला. "काकू, ॲनालिटिक्स तर आपल्याच जीमेलवर आहे. मीच केलं होतं. तू कधी उघडलं नाहीस?" नव्हतं उघडलं. तिनं 'रिअलटाइम' लावलं, म्हणजे या घडीला साइटवर काय चाललंय ते दाखवणारं पान. साइटवर त्या वेळी कोणीही नव्हतं. मग मला म्हणाली, "तुझ्या फोनवर साइट उघड आणि नुसतं टॉवेलच्या पानावर जा. काही विकत घेऊ नकोस."

मी टॉवेलचं पान उघडलं. थोड्या वेळात लॅपटॉपवर 'पर्चेस' या शब्दापुढे १ आला. चादरीचं पान उघडलं, २ झाले. नॅपकिनचं उघडलं, ३. शेजारी लूम खडखडत होते आणि मी त्या तीनाकडे बघत बसले होते. एक रुपयाही न देता मी तीनदा खरेदी केली होती.

म्हणजे खरेदी मोजणारी कोडची खूण वस्तूच्या पानावरच लावून ठेवली होती. ती लागायला हवी पैसे भरल्यानंतर येणाऱ्या 'धन्यवाद'च्या पानावर. तिथं काहीच नव्हतं. खऱ्या खरेदीबरोबर ऑर्डरचा नंबर आणि रक्कम जावी लागते. आमच्या खात्यात ऑक्टोबरची खरेदी २८६ आणि महसूल शून्य. पीडीएफमध्ये महसुलाचा रकाना कधी घेतलाच नव्हता.

मग पुतणी एकेक उघडत गेली. गिऱ्हाईक कुठल्या वाटेनं येतं, त्याचा अहवाल असतो. शोधणाऱ्या माणसाला दिसणारी जाहिरात तिथं 'पेड सर्च' म्हणून येते. आमच्याकडे जवळपास सगळी गर्दी 'डिस्प्ले'ची, म्हणजे दुसऱ्या साइटांवर आणि ॲपांत मध्येच दिसणारी चित्रं. कुणाचं बोट चुकून पडलं तरी क्लिक धरला जातो. अशा भेटीत माणूस सरासरी ३ सेकंद थांबलेला. १० सेकंदांपेक्षा जास्त थांबला, दुसरं पान उघडलं किंवा महत्त्वाची कृती केली, तरच गूगल त्या भेटीला दखल घेण्याजोगी म्हणतं.

खर्चही तिथंच सापडला. जाहिरातीचं खातं एजन्सीच्या नावावर, पण ते आमच्या ॲनालिटिक्सला जोडलेलं असल्यानं खर्चाचा रकाना दिसत होता. चार महिन्यांचे ३९,६४०. वर १८ टक्के जीएसटी धरला तरी ४७,००० च्या आत. जाहिरातीपोटी आम्ही दिले होते ७२,०००.

पण मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. जाहिरात दाखवण्यासाठी गूगलवर बोली लागते. ती कन्व्हर्जनवर लावायला सांगितलं की गूगलची यंत्रणा त्या आकड्यावरून शिकते आणि तशीच माणसं शोधत जाते. पान चाळणाऱ्याला तुम्ही गिऱ्हाईक म्हटलंत, तर ती चाळणारेच आणून देते. चार महिने आमच्याच पैशानं आम्ही तिला चुकीचं शिकवलं. पैसे बुडाल्यापेक्षा हे मला मोठं वाटतं, कारण दिवाळीच्या हंगामात जे खरं गिऱ्हाईक आलं असतं, त्याचा हिशेब कुठंच लागत नाही.

फोन केला तर मुलगा म्हणाला, "सगळे असंच धरतात, मॅडम." पुतणीनं फोनच्या आधीच सगळ्याचे तारखेसह स्क्रीनशॉट काढून ठेवले होते, ते बरं झालं. दोन दिवसांत जाहिरातीचं खातं आमच्या ॲनालिटिक्सपासून तोडलेलं दिसलं. वकिलांना बिलं दाखवली, तर प्रत्येकावर एकच ओळ, 'डिजिटल मार्केटिंग सेवा, २५,०००'. फी किती आणि जाहिरात किती, हे कागदावर कुठंच नव्हतं. सगळं तोंडी. नोटीस पाठवली, बरीच ओढाताण झाली आणि १५,००० परत आले. बाकीचे गेले.

ताईंना मी तेवढंच सांगितलं, जे मला कुणी सांगितलं नव्हतं. जाहिरातीचं खातं तुमच्या जीमेलवर उघडा, कार्ड तुमचं लावा आणि एजन्सीला फक्त आत येण्याची परवानगी द्या. मग गूगलचं बिल थेट तुमच्या जीएसटी नंबरवर येतं. ॲनालिटिक्समध्ये 'ॲडमिनिस्ट्रेटर', म्हणजे सगळे अधिकार हातात असणारे, तुम्ही राहा. पीडीएफ घेऊ नका, समोर बसवून खातं उघडायला लावा. आणि रिअलटाइम लावून स्वतःच्या फोनवरून एक फेरी मारा. दोन मिनिटांचं काम आहे. कन्व्हर्जनला आता ॲनालिटिक्समध्ये 'की इव्हेंट' म्हणतात, नाव बदललं म्हणून गोंधळू नका. ताईंकडे ॲनालिटिक्सचा लॉगिनच नाही. तो आधी मागून घ्या म्हटलं, भांडण नंतर.

आम्ही जाहिरात आता घरीच बघतो, महिना ४,००० च्या वर जात नाही. 'धन्यवाद'च्या पानावर खूण लावली आहे. व्हॉट्सॲपवर येणाऱ्या प्रत्येकाला 'कुठून कळलं?' असं विचारून वहीत लिहिते. व्हॉट्सॲप स्टेटसला एक लिंक आणि इन्स्टाग्रामला दुसरी, प्रत्येकीच्या शेवटी 'यूटीएम'चं शेपूट, म्हणजे कोण कुठून आलं ते वेगळं दिसतं. त्या दिवाळीनंतरच्या जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत आमचा छोटा स्टॉल होता. तिथल्या क्यूआर कोडला तसंच शेपूट जोडलं. त्यावरून ३८ जणांनी साइट उघडली आणि ६ जणांनी घरी गेल्यावर टॉवेल मागवले. सहाही पार्सलांच्या पावत्या मी वहीत त्या पानावर चिकटवून ठेवल्या आहेत.