नवा मॅनेजर अडखळतोय: थांबायचं की निरोप द्यायचा?

सात-आठ सामन्यांत एखादाच विजय, स्टेडियममध्ये हुर्यो, आणि फुटबॉल क्लबपुढे दोनच वाटा. मॅनेजरला, म्हणजे मुख्य प्रशिक्षकाला, आणखी वेळ द्यायचा, नाहीतर आत्ताच बदलायचा.

थांबा म्हणणारे ॲलेक्स फर्ग्युसनचं नाव काढतात. नोव्हेंबर १९८६ मध्ये ते मँचेस्टर युनायटेडला आले आणि पहिली ट्रॉफी, एफए कप (इंग्लंडची बाद पद्धतीची स्पर्धा), १९९० मध्ये मिळाली. पण आजच्या निर्णयाला हा दाखला पुरत नाही. दरम्यान १९८७-८८ मध्ये संघ इंग्लंडच्या सर्वोच्च लीगमध्ये दुसरा आला होता, आणि त्या काळी खालच्या विभागात घसरण्याची किंमत आजच्याइतकी जबर नव्हती.

मिकेल आर्टेटाचं उदाहरण जास्त कामाचं. डिसेंबर २०१९ मध्ये ते आर्सेनलला आले, पहिल्याच मोसमात एफए कप जिंकला, पण लीगमध्ये लागोपाठ दोनदा आठवं स्थान. २०२१-२२ च्या पहिल्या तीन सामन्यांत तीन पराभव, एकही गोल नाही, संघ तळाला. मात्र खेळाडू आजारी होते, नव्याने घेतलेले अजून एकत्र खेळलेच नव्हते. क्लबने हे पाहिलं आणि मॅनेजरला राखलं. मोसमाअखेर पाचवं स्थान, त्यानंतर सलग तीन मोसम दुसरं.

आता दुसरी बाजू. २०१७ मध्ये क्रिस्टल पॅलेसने फ्रँक डी बोर यांना लीगच्या अवघ्या चार सामन्यांनंतर काढलं. चारही हरले होते, गोल शून्य. घाई झाली, असं तेव्हा अनेकजण म्हणाले. पण डी बोर यांना मागे तीन बचावपटू ठेवून चेंडू खेळवत राहणारा संघ हवा होता, आणि पॅलेसचे खेळाडू त्या साच्यातले नव्हते. त्यांच्या जागी रॉय हॉजसन आले, तेही लीगचे पहिले तीन सामने एकही गोल न करता हरले. मग चेल्सीला २-१ ने हरवलं आणि मोसम अकराव्या स्थानावर संपला. म्हणजे नव्या माणसालाही वेळ लागलाच, पण त्याची पद्धत खेळाडूंना झेपणारी होती.

माझ्या मते खरा फरक इथेच आहे. संधी तयार होतात पण गोल होत नाहीत, एक्सजी (संधींच्या दर्जावरून अपेक्षित गोलांचा आकडा) निकालांपेक्षा बरं दिसतं, दुखापती आहेत: थांबा. दर आठवड्याला कॉर्नरवर तोच गोल खाल्ला जातोय आणि खेळाडू सूचना कानाआड करताहेत: थांबून काही होणार नाही. बदलानंतर दोन-चार विजय मिळाले तरी लगेच हुरळू नका. फार खाली गेलेले निकाल पुष्कळदा आपोआपही वर येतात.

तक्त्यात मधल्या जागी असलेल्या संघाने मी सांगेन तर पूर्ण मोसम आणि दोन ट्रान्सफर विंडो (खेळाडू खरेदी-विक्रीचे ठरलेले काळ) द्याव्यात. एकाच विंडोत आधीच्या मॅनेजरचा संघ बदलत नाही. घसरणीच्या जागेत असाल तर दहा-बारा सामन्यांनंतर फैसला करा, आणि तो डिसेंबर सरायच्या आत. नाहीतर जानेवारीची खरेदी जाणाऱ्या माणसाच्या पसंतीने होते आणि येणाऱ्याच्या गळ्यात पडते. आणि पुढचा मॅनेजर नक्की ठरलेला नसेल, तर आधी तो शोधा, मगच आहे त्याला काढा.