‘द लास्ट जेडाय’ महिनोन्‌महिने पाहिल्यावर: काय टिकलं, काय झिजलं

ज्यांनी सिनेमा पाहिलेला नाही त्यांनी इथंच थांबावं. खाली शेवटासकट सगळं उघड केलं आहे.

रायन जॉन्सनचा ‘द लास्ट जेडाय’ १५ डिसेंबर २०१७ ला आला, तेव्हापासून भांडण एकाच मुद्द्यावर अडलंय: त्यानं ‘स्टार वॉर्स’च्या जुन्या चाहत्यांच्या अपेक्षा धुडकावल्या. एकदा पाहणाऱ्याला तेवढंच जाणवतं. ब्लू-रे घरात ठेवून कधी सलग, कधी तुकड्यातुकड्यानं पाहत राहिलं की तक्रार बदलते. अपेक्षाभंगाचं दुःख दुसऱ्या खेपेलाच संपतं, कारण पुढं काय होणार ते ठाऊक असतं. मग प्रश्न एवढाच उरतो, की जे घडलं ते का घडलं याचं कारण पटकथेत आहे का? या १५२ मिनिटांत काही ठिकाणी ते इतकं चोख बसवलंय की दर वेळी नवं काही हाती लागतं. आणि काही ठिकाणी लेखक-दिग्दर्शकानं ते मुद्दाम दडवून ठेवलंय, निव्वळ धक्का बसावा म्हणून. धक्का एकदाच बसतो. त्यानंतर तिथं नुसतं भोक दिसतं.

सगळ्यात आधी झिजतो तो पाठलाग. रेझिस्टन्सच्या, म्हणजे बंडखोरांच्या, ताफ्याकडं एकाच हायपरस्पेस उडीपुरतं (प्रकाशाहून वेगवान झेपेपुरतं) इंधन उरलंय, आणि त्यांच्या मागं लागलेल्या फर्स्ट ऑर्डरच्या फौजेला आता उडीनंतरही माग काढता येतो. रेझिस्टन्सची जहाजं हलकी आणि वेगवान, त्यामुळं ती तोफांच्या परिणामकारक पल्ल्याबाहेर पुढं पुढं सरकत राहतात. इंधन संपलं की मागं पडतात आणि उडवली जातात. इथवर मांडणी उत्तम, घड्याळ लावून दिलंय. पण मग रेझिस्टन्सचे फिन आणि रोझ माग काढणारं यंत्र बंद पाडायला कोडतज्ज्ञ शोधण्यासाठी एका छोट्या यानातून गुपचूप निघतात, दुसऱ्याच ग्रहावर जाऊन येतात आणि कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. नागपूरच्या वर्धा रोडवर पेट्रोल संपत आलेल्या गाडीमागं पोलीस लागलेत, आणि गाडीतले दोघं मधेच उतरून रामटेकला जाऊन कुलूपवाला घेऊन परत आलेत, असा तो हिशेब आहे. पहिल्यांदा पाहताना वेग इतका असतो की हे सुचत नाही. नंतर मात्र यान निघालं की घरातलं कोणीतरी विचारतंच, ‘मग सगळेच असे का नाही निघून जात?’ त्याला सिनेमात उत्तर नाही.

याच पाठलागात होल्डो आणि पो यांचं प्रकरण आहे, आणि माझ्या मते सिनेमाचं सगळ्यात मोठं नुकसान इथं झालंय. रेझिस्टन्सची प्रमुख लेया बेशुद्ध, व्हाइस अ‍ॅडमिरल होल्डोकडं सूत्रं. पो हा वैमानिक विचारतो, बेत काय आहे? ती सांगत नाही, उलट त्याला झिडकारते. बेत असा, की सगळ्यांना लहान वाहतूक-यानांत बसवून, रडारवर न दिसता, क्रेट ग्रहावरच्या जुन्या बंडखोर तळावर उतरवायचं. शहाणपणाचा बेत आहे. मग सांगायला काय हरकत होती? ‘जहाजावर फितूर असू शकतो, तोंड बंद ठेवा’ एवढं एक वाक्य पुरलं असतं. माग कसा काढला जातोय हे जहाजावर जवळजवळ कोणालाच ठाऊक नाही, तेव्हा फितुरीचा संशय अगदी रास्त ठरला असता. पण ते वाक्य आलं असतं तर प्रेक्षकाला बेत आहे हे कळलं असतं आणि होल्डो कमकुवत की खंबीर हा खेळ खेळता आला नसता. म्हणून ते वाक्य नाही.

आता त्या गप्प बसण्याची किंमत मोजा. बेत माहीत नाही म्हणून पो फिन-रोझला परस्पर मोहिमेवर पाठवतो. यानांत इंधन भरलं जातंय हे कळल्यावर तो ते फिनला संदेशात सांगतो, तेव्हा शेजारी बसलेला डीजे, म्हणजे त्या दोघांना मिळालेला कोडतज्ज्ञ, ऐकतो. डीजे ती माहिती विकतो. यानं एकेक करून उडवली जातात. म्हणजे रेझिस्टन्सच्या बहुतेक माणसांचा जीव त्या एका न बोललेल्या वाक्यापायी गेला. जॉन्सनला दाखवायचंय ते पोचं शहाणं होणं: आततायीपणा म्हणजे शौर्य नव्हे. धडा चांगला आहे, सुरुवातीला बॉम्बर विमानं गमावून त्याची पायाभरणीही केलीये. पण पुन्हा पाहताना पो तेवढासा चुकलेला वाटतच नाही. इथल्या प्रेक्षकाच्या तोंडून आपसूक निघतं, ‘अरे, सांगून टाक ना बावा त्याले!’ ज्या प्रसंगात गुरूचा हट्ट आणि चेल्याचा हट्ट सारखाच दिसतो, तिथं धडा कोणी कोणाला द्यायचा?

कॅन्टो बाइट, म्हणजे जुगारी श्रीमंतांचं शहर, याबद्दल थोडक्यात. समुद्रकाठी चुकीच्या जागी यान लावलं म्हणून दोघांना अटक होते, हवा होता तो कोडतज्ज्ञ समोर दिसूनही हुकतो आणि नेमका त्याच कोठडीत दुसरा कोडतज्ज्ञ, हा डीजे, भेटतो. एवढा योगायोग दोन मिनिटांत उरकला असता तर खपला असता. इथं मोठ्या प्राण्यांच्या पळापळीवर वेळ जातो. मात्र डीजे एका चोरलेल्या यानाच्या मालकाचे व्यवहार दाखवतो, शस्त्रं दोन्ही बाजूंना विकलीत म्हणून, ते या मालिकेत क्वचितच इतक्या उघडपणे बोललं गेलंय. तो धागा पुढं सोडूनच दिलाय, याची चुटपुट लागते.

आता ल्यूक. इथं जरा थांबायला हवं, कारण सर्वाधिक शिव्या यावरच पडल्या आणि त्या अर्ध्याच बरोबर आहेत.

१९८३ च्या ‘रिटर्न ऑफ द जेडाय’मध्ये जेडाय योद्धा ल्यूक स्वतःची लाइटसेबर (प्रकाशाची तलवार) फेकून देतो आणि बापाला, डार्थ व्हेडरला, मारायला नकार देतो. २०१५ चा ‘द फोर्स अवेकन्स’ सबंध त्याच्या शोधात जातो आणि तरुण नायिका रे त्याच्यासमोर लाइटसेबर धरून उभी राहते तिथं संपतो. जॉन्सनचा ल्यूक ती हातात घेतो आणि खांद्यावरून मागं भिरकावतो. विनोद म्हणून तो पहिल्यांदाच चालतो. हताश होऊन बेटावर मरायला बसलेला ल्यूक मला अमान्य नाही. प्रश्न आहे तो तिथवर पोचला कसा याचा.

त्या रात्रीची हकीकत तीनदा सांगितली जाते. आधी ल्यूक सांगतो तशी, मग त्याचा भाचा आणि आता फर्स्ट ऑर्डरचा माणूस असलेला कायलो रेन सांगतो तशी, शेवटी ल्यूक कबूल करतो तशी. झोपलेल्या भाच्यावर लाइटसेबर पेटवली, क्षणभरच, आणि लगेच लाज वाटली. हे तीन तुकडे एकापाठोपाठ लावून पाहावेत. मधल्या हकीकतीत ल्यूकचा चेहरा हिरव्या प्रकाशात राक्षसासारखा, तिसरीत तोच चेहरा घाबरलेल्या म्हाताऱ्याचा. लिखाण आणि छायांकन दोन्ही अव्वल. फक्त एक पायरी गहाळ आहे. ज्या माणसानं डार्थ व्हेडरमध्ये चांगुलपणा शोधला, त्याला भाच्याच्या मनात असं काय दिसलं? उत्तर आहे ते दोन-तीन वाक्यांचं: अंधार दिसला, विनाश दिसला.

आपल्याकडं झोपलेल्यांवर शस्त्र उगारण्याची गोष्ट सौप्तिकपर्वात आहे. अश्वत्थामा त्या रात्री छावणीत शिरतो, पण व्यासांच्या कथेत त्याआधी द्रोणांना अर्धसत्य सांगून मारलेलं असतं, दुर्योधनाची मांडी फोडलेली असते, आणि वडाखाली जागा असलेल्या अश्वत्थाम्याला झोपलेल्या कावळ्यांवर तुटून पडणारं घुबड दाखवलेलं असतं. कृत्य अक्षम्यच राहतं, तरी वाट पावलोपावली दिसते. ल्यूकच्या बाबतीत तीस वर्षांची वाट चार-दोन वाक्यांत गुंडाळलीये. ल्यूक साकारणाऱ्या मार्क हॅमिलनं जॉन्सनच्या ल्यूकशी आपले मूलभूत मतभेद असल्याचं तेव्हा जाहीरपणे सांगितलं होतं, पुढं ते चारचौघांत बोलल्याचा खेदही व्यक्त केला. पण भूमिका त्यानं जीव ओतून केलीये, हे प्रत्येक वेळी पटतं.

वाईट याचं वाटतं, की गहाळ पायऱ्यांपैकी दोन चित्रित झाल्या होत्या. ब्लू-रेवर कापलेले १४ प्रसंग आहेत. त्यातल्या एकात हानच्या मृत्यूची बातमी कळल्यावर ल्यूक आपल्या झोपडीत एकटा बसलेला दिसतो. मूळ सिनेमात हानचा साथीदार चूबाका दार फोडतो, ल्यूक विचारतो ‘हान कुठाय?’ आणि लगेच पुढचं दृश्य. जिवलग मित्र गेल्याचं दुःख कात्रीत गेलं, म्हणून उरलेला ल्यूक निव्वळ तुसडा वाटतो. दुसरा प्रसंग त्याहून मोलाचा. ल्यूक रेला तीन धडे देईन म्हणतो, सिनेमात दोनच येतात. तिसऱ्यात बेटावरच्या सेविकांच्या वस्तीत आग दिसते, ल्यूक म्हणतो लुटारू आलेत, रे तलवार घेऊन धावते आणि बघते तर तिथं मेजवानी चाललीये. ल्यूकला दाखवायचं असतं की जुने जेडाय अशा वेळी हात बांधून बसले असते, आणि रे त्याच्यावर भडकते. क्रेटवर शेवटी ल्यूक जे करतो, ते या भडकण्याला दिलेलं उत्तर आहे. प्रश्न कापला आणि उत्तर ठेवलं.

फर्स्ट ऑर्डरचा प्रमुख आणि कायलोचा गुरू स्नोक, याच्याबद्दल उलट अनुभव. त्याचा मृत्यू जितका पाहावा तितका आवडतो. तो कायलोचं मन मोठ्यानं वाचून दाखवतोय: हा लाइटसेबर वळवतोय, हा खऱ्या शत्रूवर नेम धरतोय. आणि स्नोकच्या खुर्चीच्या हातावर पडलेली दुसरी लाइटसेबर हळूच वळतेय. स्वतःच्या मरणाचं धावतं वर्णन. फसवणूक प्रेक्षकापासून लपवलेली नाही, कडेला उघड ठेवलीये, म्हणून ती झिजत नाही. हा प्रसंग आणि होल्डोचं मौन एकाच माणसानं लिहिलंय यावर विश्वास बसत नाही. त्यानंतरच्या मारामारीत एका लाल रक्षकाच्या हातातला सुरा मधेच गायब होतो. एकदा दिसला की दर वेळी तिकडंच नजर जाते. स्नोक कोण, कुठून आला, हे मात्र त्याच्याबरोबर गेलं. तिसऱ्या भागासाठी खलनायक उरला तो फक्त कायलो, आणि २०१९ ला जे. जे. अब्रॅम्सनं पॅल्पटीनला, म्हणजे १९८३ च्या भागात मेलेल्या सम्राटाला, उठवून आणलं. रेचे आईबाप कोणी नव्हेत हा या सिनेमातला सर्वांत धाडसी निर्णय, तोही तिथं फिरवला. याचं खापर जॉन्सनवर फोडू नये. तिन्ही भागांचा पक्का आराखडाच नव्हता. तिसरा भाग आधी कॉलिन ट्रेव्होरोकडं होता, तो सप्टेंबर २०१७ मध्ये बाहेर पडला आणि अब्रॅम्स परत आला.

टिकाऊपणात पहिला नंबर क्रेटचा. जमीन पांढऱ्या मिठाची, पाय पडला की खालची लाल माती उघडी पडते. कायलोच्या पायाखाली लाल खुणा उमटतात. ल्यूक चालतो तेव्हा मीठ जसंच्या तसं. त्याच्या हातात आहे ती निळी लाइटसेबर, जी थोड्याच वेळापूर्वी दोन तुकडे होऊन मोडलीये. दाढीही काळसर, नीट कातरलेली. ल्यूक तिथं नाहीच, ती त्यानं दूर बेटावरून उभी केलेली नुसती प्रतिमा आहे, हे उत्तर समोर मांडून ठेवलंय आणि तरी पहिल्यांदा बहुतेकांना दिसत नाही. असं लिहिता येत असताना फितुराचं ते एक वाक्य का सुचू नये, हा राग म्हणूनच जास्त येतो.

नागपुरात घरी पाहणाऱ्यांसाठी काही कामाच्या गोष्टी. होल्डो जहाज वळवून प्रकाशवेगानं शत्रूच्या जहाजात घुसवते, तिथं सुमारे दहा सेकंद आवाज पूर्ण बंद आहे. अमेरिकेत काही थिएटरांना बिघाड नसल्याची पाटी लावावी लागली होती. एप्रिल ते जूनमध्ये खोलीत कूलर घरघरत असेल तर ही शांतता मिळतच नाही आणि प्रसंग निम्मा होतो. नुसता पंप बंद करून भागत नाही, आवाज पंख्याचा असतो. लेयाची माणसं वाहतूक-यानांत बसली की कूलर पूर्ण बंद करावा, प्रसंग संपला की लावावा. किंवा सरळ डिसेंबर-जानेवारीत पाहावा. साउंडबारचा नाइट मोडही काढून टाकावा, तो मोठे आवाज दाबतो आणि लहान वर आणतो, त्यामुळं आधीचा गोंगाट आणि नंतरची शांतता यांतलं अंतर मरतं. डीजे अडखळत बोलतो, त्यासाठी सबटायटल लावलेली बरी.

डिस्क असेल तर चूबाकानं दार फोडल्यावर थांबून ल्यूकचा शोकप्रसंग पाहावा आणि दुसऱ्या धड्यानंतर तिसरा. मेनूत जाऊन-येऊन रसभंग होतो, पण ल्यूक सरळ होतो. कॅन्टो बाइटवर यान उतरल्यापासून कोठडीपर्यंत पुढं ढकललं तरी चालतं, कोठडीपासून मात्र नाही, नाहीतर डीजे कोण तेच कळणार नाही. दिग्दर्शकाचं भाष्य ऐकायचं असेल तर दोनदा सिनेमा पाहून झाल्यावरच ऐकावं, तो आपल्या निर्णयांची बाजू इतक्या मनमोकळेपणानं मांडतो की होल्डोबद्दलसुद्धा आपण नरम पडू लागतो. आणि २०१९ चा भाग त्याच रात्री लावू नये. रेच्या आईबापांचं उत्तर ताजं असताना ते खोडलेलं पाहणं फार जड जातं.