नवं ईएचआर, जुने रुग्ण: काही महिने वापरल्यानंतर

जुन्या सॉफ्टवेअरचा सपोर्ट बंद झाला म्हणून ईएचआर, म्हणजे रुग्णांच्या नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर, बदलावं लागलं, हौस म्हणून नव्हे. आमची चार-पाच डॉक्टरांची प्रॅक्टिस आहे. बहुतेक रुग्ण वर्षानुवर्षं येणारे, दीर्घकालीन आजारांचे. नवी सिस्टीम आता काही महिने रोज वापरतोय. तिचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढचं बरंचसं कुठल्याही सिस्टीमला लागू होईल.

डेमोत प्रत्येक कंपनी नवा रुग्ण दाखवते. नाव टाका, तक्रार टाका, दोन क्लिकमध्ये प्रिस्क्रिप्शन तयार. सगळ्यांचंच छान दिसतं. आपल्यासमोर बसतो तो मात्र जुना रुग्ण: मधुमेह, जोडीला बीपी, कितीदा तरी बदललेल्या गोळ्या आणि मधेच कुणीतरी लिहून ठेवलेलं ‘सल्फाने पुरळ’. म्हणून आम्ही ओळख पटेल असं सगळं काढून आमच्याच काही किचकट फायली कंपन्यांना दिल्या आणि ‘हा रुग्ण तुमच्याकडे उघडून दाखवा’ म्हटलं. निवड तिथेच झाली. ज्यांचा डेमो सगळ्यात देखणा होता, त्यांनी रुग्णाचा पूर्ण इतिहास एका पीडीएफमध्ये कोंबून जोडून दिला. वाचता येतो, पण त्यातलं क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) आलेखावर येत नाही आणि त्यातलं औषध पुढच्या औषधाशी ताडून बघता येत नाही.

निवडलेल्या सिस्टीममध्ये डेटा रकान्यांत आला. तरी मायग्रेशनचं, म्हणजे जुना डेटा नव्या सिस्टीममध्ये आणण्याचं, खरं काम त्यानंतर सुरू झालं.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला ॲलर्जीने. जुन्या सॉफ्टवेअरमधला तो रकाना मोकळा होता, ज्याला जे सुचेल ते त्याने लिहिलेलं. ‘पेनि.’, ‘इंजेक्शनची रिॲक्शन’, काही ठिकाणी नुसतंच ‘हो’. हा मजकूर नव्या स्क्रीनवर लाल अक्षरांत झळकतो आणि बघणाऱ्याला वाटतं, चला, आता सिस्टीम लक्ष ठेवेल. ती ठेवत नाही. ॲमॉक्सिसिलिन (पेनिसिलिनच्याच गटातलं औषध) लिहिताना इशारा यायचा तर पेनिसिलिनची ॲलर्जी यादीतून निवडून, कोडसकट नोंदलेली हवी. ‘पेनि.’ म्हणजे काय ते माणसाला कळतं, सॉफ्टवेअरला नाही. मग रुग्ण येईल तसं त्याला पुन्हा विचारायचं, नेमकं काय झालं होतं तेही विचारायचं, आणि नव्याने भरायचं, अशी पद्धत आमच्या नर्सनी लावून घेतली. यात एक फायदा झाला: औषधाने नुसती मळमळ झालेली, ती ॲलर्जी म्हणून चिकटलेली, अशा कितीतरी नोंदी गळाल्या. पण हे तास कुठल्याही कोटेशनमध्ये नसतात. ते आपले आपण धरायचे.

दुसरा घोळ तारखांचा. जुन्या यादीतल्या निदानांना तारीख नसेल तिथे मायग्रेशनने आयातीचीच तारीख टाकली. पहिल्या आठवड्यात आमच्या निम्म्या रुग्णांना एकाच दिवशी मधुमेह झालेला दिसत होता! हसण्यावारी नेलं, पण रेटिना तपासणीची आठवण निदानाच्या तारखेवरून जाणार असेल तर ते हसण्याचं राहत नाही. तारीख माहीत नसेल तिथे रकाना रिकामा ठेवा, असं कंपनीला आधीच लेखी सांगा.

आणि एककं. दोन लॅबचे रिपोर्ट दोन एककांत येत असतील तर क्रिएटिनिन एकीकडे १ आणि दुसरीकडे ८८ दिसतं. किडनी तीच, एक मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे ८८.४ मायक्रोमोल प्रति लिटर एवढंच. एचबीएवनसीचंही (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणाऱ्या तपासणीचं) तसंच, ७ टक्के म्हणजे ५३ मिलिमोल प्रति मोल. चांगली सिस्टीम तपासणीचा लॉइन्क कोड (लॅब तपासण्यांचा आंतरराष्ट्रीय ओळख-कोड) आणि एकक दोन्ही बघून आलेख काढते. आमची काढते, फक्त जुन्या आकड्यांना एककच नव्हतं. ते हाताने लावावं लागलं.

औषधांच्या इशाऱ्यांबद्दल माझं मत तिखट आहे. सुरुवातीला सगळे चालू होते. रक्त पातळ करणारं वॉरफेरिन चालू असताना मेट्रोनिडॅझोल हे अँटिबायोटिक लिहिलं की येणारा रक्तस्रावाच्या धोक्याचा इशारा आणि त्वचेवर लावायच्या साध्या मलमाचा इशारा, दोन्ही त्याच रंगात, त्याच आकारात. दुपारपर्यंत सगळेजण न वाचता ‘पुढे चला’ दाबायला लागतात. इशाऱ्यांची पातळी प्रॅक्टिसला स्वतः ठरवता येते की प्रत्येक वेळी कंपनीला तिकीट (मदतीची विनंती) टाकावं लागतं, हे विकत घेण्याआधी बघाच. आम्हाला ठरवता येते. गंभीर तेवढे अडवणारे ठेवले, बाकीचे बाजूला बारीक अक्षरांत.

नोंदींचा क्रम बदलता येतो, ही गोष्ट मला सगळ्यात आवडली. रुग्णाची तक्रार, तपासणी, निदान, योजना हा समस्यांवर आधारलेल्या नोंदींचा साचा लॉरेन्स वीड यांच्या १९६८ च्या मांडणीतून रुळला. विचार करताना तो उत्तम. पण फॉलो-अपला मला आधी हवं असतं मागच्या वेळचं निदान आणि योजना. इथे ते दोन्ही वर आणता येतं, स्क्रोल करावं लागत नाही. उलट, मागची नोंद जशीच्या तशी उचलण्याचं बटण आम्ही बंद करून घेतलं. त्याने नोंदी लांबतात आणि गेल्या वर्षीचा खोकला या वर्षीही खोकत राहतो.

अपॉइंटमेंट, बिलिंग ठीक. मोबाइल ॲप संथ. नेट गेल्यावर दिवसाची यादी आणि प्रत्येकाचा सारांश वाचता येतो, लिहिता मात्र येत नाही. कागद हाताशी ठेवतो. एकाच नावाचे दोन रुग्ण चुकून एकत्र केले तर परत वेगळे करता येतात का, हेही विचारून घ्या, कारण बऱ्याच डेमोत फक्त एकत्र करणंच दाखवतात.

कराराआधी आम्ही बाहेर पडण्याची वाट तपासली होती. कंपनी म्हणाली, ‘फायर स्टँडर्डमध्ये सगळा डेटा मिळेल.’ फायर (FHIR) म्हणजे एका सिस्टीममधून दुसरीत आरोग्याचा डेटा नेण्याचा ठरलेला साचा. चाचणीसाठी मागितला तेव्हा औषधं, ॲलर्जी, रिपोर्ट नीट आले. स्कॅन केलेली कागदपत्रं आली, पण कुठला कागद कुठल्या भेटीचा ही जोडणी आली नाही. ती देण्याची अट आणि मुदत आम्ही करारात घालून घेतली, मगच सही केली. गेल्या महिन्यात पुन्हा निर्यात करून पाहिली. आता जोडणी येते, ईसीजीवर डॉक्टरांनी लिहिलेले शेरे अजून येत नाहीत. त्याचं तिकीट उघडं आहे.