महाभूमीचा डिजिटल सातबारा: १५ रुपयांचं काम चोख

पीककर्जाची फाईल म्हटली की आमच्या आईला आधी सातबाऱ्याची काळजी. तलाठ्यांकडे गावं अनेक, त्यामुळे ते सज्जावर, म्हणजे त्यांच्या कार्यालयात, कधी भेटतील याचा नेम नसे. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा मिळू लागला आणि हा हेलपाटा मिटला. महाभूमी या राज्य सरकारच्या जमीन-नोंदींच्या संकेतस्थळावर मोबाईल नंबर टाकायचा, ओटीपी द्यायचा, जिल्हा-तालुका-गाव-गट निवडायचा, १५ रुपये भरायचे, की पीडीएफ हातात. खाली पडताळणी क्रमांक असतो, त्यावरून उतारा खरा की खोटा ते कुणालाही तपासता येतं. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण सही-शिक्क्यासाठी कुणाची मर्जी राखावी लागत नाही.

एका बँकेच्या शाखेत मात्र याच उताऱ्यावर तलाठ्याचा शिक्का आणा म्हणाले. त्याची गरज नाही, हे मी पडताळणी करून दाखवलं, तेव्हा कुठे फाईल पुढे सरकली. आई एकटी असती तर परत फिरली असती, याचा मला राग आहे.

उताऱ्यात नाव किंवा क्षेत्र चुकलं असेल तर दुरुस्तीसाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करावाच लागतो. तेवढं आधी तपासा, मगच पैसे भरा. एरवी बिनधास्त वापरा.