रोज खिशात बाळगायला ओपिनेल: ६ नंबर की ८ नंबर?

खिशातला चाकू घेताना चूक होते ती बहुतेकदा लांबीत. मोठं पातं जास्त कामाचं असं वाटतं, आणि मग तोच चाकू खिशात टोचतो म्हणून ड्रॉवरमध्ये जाऊन पडतो. रोजची कामं तरी कोणती? खोक्यावरची चिकटपट्टी, सुतळी, सफरचंदाच्या फोडी, पेन्सिलीचं टोक. यातल्या कशालाच ७ सेंटिमीटरपेक्षा लांब पातं लागत नाही. पातं पातळ मात्र हवं. जाड पात्याला कितीही धार लावा, ते सफरचंद कापत नाही, पाचर ठोकल्यासारखं फोडतं.

या कसोटीवर ओपिनेल हा मिटणारा फ्रेंच चाकू फार चांगला उतरतो. फ्रान्सच्या साव्हुआ भागात जोझेफ ओपिनेल यांनी १८९० मध्ये हा चाकू तयार केला आणि त्याची मूळ रचना अजून फारशी बदललेली नाही. लाकडी मूठ, पातं, ते ज्यावर फिरतं तो खिळा म्हणजे रिव्हेट, मुठीच्या टोकाला पक्की बसवलेली पट्टी आणि तिच्यावर फिरणारी कडी, एवढंच सामान. आत स्प्रिंग नाही. नेहमीच्या आकारांत पात्याची पाठसुद्धा दोन मिलिमीटरपेक्षा कमी जाड असते आणि तिथून धारेपर्यंत ते हलकं फुगीर होत निमुळतं होतं. त्यामुळे फोडी पात्याला चिकटून बसत नाहीत.

ओपिनेलचा नंबर म्हणजे त्याचा आकार, आणि नाव ८ नंबरचंच जास्त घेतलं जातं. त्याचं पातं ८.५ सेंटिमीटर आणि मिटल्यावर लांबी ११ सेंटिमीटर. बॅगेत किंवा स्वयंपाकघरात तो उत्तम, पण पँटच्या पुढच्या खिशात बसताना आडवा येतो. ६ नंबरचं पातं ७ सेंटिमीटर, आणि तो खिशात आहे हे जाणवतही नाही. खिशासाठी आमचं मत ६ नंबरलाच. हात मोठा असेल तर ७. पाचपर्यंतच्या नंबरांना कडी नसते, म्हणून सहाच्या खाली जाऊ नये.

ही कडी १९५५ मध्ये आली. पातं उघडून कडी फिरवली की तिची फट पात्यासमोरून सरकते आणि पातं बोटांवर मिटू शकत नाही. हल्लीच्या चाकूंत मिटलेलं पातंही याच कडीने बंद राहतं. खिशासाठी हे फार महत्त्वाचं. मात्र कडी आपोआप लागत नाही. उघडलं की फिरवायची, ही सवय हाताला लागेपर्यंत टोकाने जोर देऊन कुठलंही काम करू नका. कडी सैल झाली तर काढून पकडीने किंचित दाबायची. फार घट्ट असेल तर तिची फट स्क्रूड्रायव्हरने केसभर उघडायची.

खरी तक्रार लाकडाची आहे. मुठीचं बीच नावाच्या झाडाचं लाकूड पाणी पितं आणि फुगतं, मग खाचेत पातं आवळलं जातं आणि नखाने उघडत नाही. अशा वेळी नखाशी झटापट करू नये. कडी उघडी आहे ना ते पाहून मुठीचं मागचं टोक टेबलाच्या कडेवर ठोकलं की पातं थोडं बाहेर येतं. मग चाकू सावलीत दोन दिवस वाळवायचा. उन्हात ठेवला तर लाकूड तडकू शकतं. नवीन असतानाच मुठीला आणि खाचेच्या आत जवसाचं तेल पातळ हाताने लावून जिरवलं, तर हा त्रास बराच कमी होतो. तेलाच्या चिंध्या चुरगळून टाकू नका, पसरून वाळवा. त्या आपोआप पेट घेऊ शकतात. भांड्यांच्या मशीनमध्ये हा चाकू कधीही घालू नये.

पोलाद दोन प्रकारचं मिळतं. कार्बन पोलादाला धार पटकन लागते, पण लिंबू किंवा कांदा कापून तसंच ठेवलं की ते काळपट होतं. काळा-करडा रंग चालतो. तांबूस गंज दिसला की लगेच घासून काढायचा. खिशात घामाचा ओलावा असतोच, म्हणून रोजच्या वापराला स्टेनलेस घ्यावं.

धारेसाठी १००० ग्रिटचा निसणा पुरतो. कोन साधारण २० अंश. अंदाज हवा असेल तर कागदाचा काटकोनी कोपरा दोनदा दुमडा, साडेबावीस अंश मिळतात; पातं त्याहून जरासं खाली धरा. एका बाजूने घासत राहा, पलीकडच्या बाजूला नखाला बारीक खरखर लागली की बाजू बदला. ती खरखर संपूर्ण धारेवर हवी. मध्येच बाजू बदलणं हेच धार न लागण्याचं नेहमीचं कारण. शेवटी चामड्यावर पाठीच्या दिशेने आठ-दहा हात फिरवा.

घेताना चाकू मिटवून उजेडासमोर धरा: पातं खाचेच्या मधोमध बसलेलं असावं, टोक लाकडाबाहेर डोकावू नये. उघडून, कडी लावून टोक चिमटीत धरा आणि आडवं हलवा. रिव्हेटपाशी खडखड जाणवली तर दुसरा मागा. हाताने बनणाऱ्या लाकडी वस्तूंसारखा इथेही नगागणिक फरक असतो.

दमट हवेत राहणाऱ्यांना किंवा ओल्या हातांनी काम करणाऱ्यांना मात्र व्हिक्टोरिनॉक्स कंपनीचा कॅडेट हा मिटणारा चाकू सुचवू. मिटल्यावर ८४ मिलिमीटर, मूठ अ‍ॅल्युमिनियमची, त्यामुळे फुगण्याचा प्रश्नच नाही. शिवाय डबा आणि बाटली उघडायची सोय, नखांची कानसही. त्याला कडी किंवा खटका नाही, पातं फक्त स्प्रिंगच्या ताणावर उघडं राहतं. म्हणून त्याने भोसकून भोक पाडू नका, कापताना जोर नेहमी धारेच्या दिशेनेच द्या. यातला कुठलाही घ्या, विमानप्रवासात तो हातातल्या बॅगेत नको, सामानात द्या. आणि कडीचे चाकू बाळगण्याचे नियम जागोजागी वेगळे असतात, ते घेण्याआधी पाहून घ्या.